मोत्ये, मोहरा आणि खुर्दा

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत कशी पोचली, हे मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सावकारी पत्रातला तो सांकेतिक निरोप होता. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि गणती न लागलेला खुर्दा म्हणजे कोण? तो होता साधा शिपाई, तोफ ओढणारा, घोड्याला खरारा करणारा, पखालीने पाणी वाहणारा. त्याचे नाव पत्र लिहिणाऱ्याला माहीत नव्हते आणि वाचणाऱ्याला विचारायचे नव्हते.

त्या १४ जानेवारी १७६१ ला आता अडीचशेहून अधिक वर्षे उलटली. मोत्यांवर आपण नाटके लिहिली, मोहरांवर कादंबऱ्या लिहिल्या, त्यांचे पुतळे उभारले, त्यांच्या घोड्यांची नावेसुद्धा पाठ केली. खुर्द्याचा हिशेब मात्र मराठी ललित लेखनाने अजून नीट मांडलेला नाही. युद्धावरच्या मराठी पुस्तकांचे कपाट उघडले तर सेनापतीचा तंबू, खलबतखाना, तहाच्या वाटाघाटी आणि तलवारीचा खणखणाट भरपूर सापडतो. खंदकात बसलेला, पाय भिजलेला, दोन दिवस न जेवलेला आणि घरच्या पत्राची वाट पाहणारा माणूस फार शोधावा लागतो.

विशेष म्हणजे पानिपत ही केवळ एका दिवसाची घोडदौड नव्हती. १७६० च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मराठी फौज पानिपत गावाच्या आसऱ्याने खंदक खणून, तोफा रचून बसली होती. अब्दालीने रसद तोडली. रसदीसाठी धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. उत्तरेची थंडी, अपुरे कपडे, मेलेल्या जनावरांची दुर्गंधी आणि दिवसेंदिवस महाग होत जाणारे धान्य, असे अडीच महिने गेले. अखेर उपासमारीने कावलेले लोक भाऊंच्या तंबूपाशी गेले आणि ‘उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू’ असे म्हणून त्यांनी विडे उचलले, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. युरोपात १९१४ साली खंदकांचे युद्ध सुरू झाले आणि साऱ्या जगाला ती नवी गोष्ट वाटली. आपल्या माणसांनी ते जिणे त्याच्या दीडशे वर्षे आधी भोगले होते.

पातूरला याचे काय?

हा विषय ज्यांच्या घरचे कोणी लष्करात आहे त्यांनाच जवळचा वाटेल, असे कुणी म्हणेल. पण पहाटे अकोल्याहून वाशीमच्या बाजूला निघालात, तर पातूरच्या अलीकडे-पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेने पोरे धावताना दिसतात. पायात साधे बूट, अंगात बनियन, एखाद्याच्या हातात वेळ मोजायला मोबाईल. ही भरतीची तयारी. वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हे चित्र आता नवे नाही. दोन-चार एकर वावर, त्यात कपाशी नाही तर सोयाबीन, डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि घरात बारावी झालेला मुलगा. त्याच्यापुढे ज्या थोड्या वाटा असतात, त्यांत एक पोलिसाची आणि एक लष्कराची. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा नोकरी चार वर्षांची ठरली आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करायचे ठरले. तरी धावणारी पोरे थांबली नाहीत.

या मुलाने युद्ध पाहिलेले असते ते सिनेमात आणि दूरदर्शन वाहिन्यांवर. त्याच्या आईने तर तेवढेही पाहिलेले नसते. तो ज्या जगात जाणार आहे त्याचे एक तरी खरे चित्र त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याच्या हाती पडावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. भूगोल त्याला नकाशात सापडेल, पगाराचा आकडा जाहिरातीत सापडेल. पण बर्फाच्या चौकीत महिनोन् महिने चार माणसांबरोबर काढताना डोक्यात काय चालते, शेजारचा सोबती पडला की त्याच्या वाटणीची भाकर खाताना काय वाटते, हे फक्त कथा-कादंबरीच सांगू शकते. इतिहासाच्या पुस्तकाचे ते काम नव्हे.

खंदकाची गोष्ट वेगळी का असते?

पहिल्या महायुद्धाआधीच्या युद्धकथांत माणूस लढत असे. खंदकाच्या कथेत तो बहुतेक वेळ वाट पाहत असतो. तोफगोळा थांबण्याची, पाऊस थांबण्याची, जेवणाच्या बादल्या येण्याची, पाळी बदलण्याची वाट. फ्रान्समध्ये आंरी बार्ब्यूस यांनी ‘ल फ’ ही कादंबरी लिहिली तेव्हा, १९१६ साली, युद्ध चालूच होते. तीत एका तुकडीची माणसे आहेत, शेतकरी आणि कामकरी. त्यांचा पहिला वैरी शत्रू नसून चिखल आहे.

एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या इंग्रजी नावाने जगाला माहीत असलेली कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. तिच्या आरंभी मेजवानीचा प्रसंग आहे. आचाऱ्याने दीडशे जणांचे जेवण रांधलेले असते, आणि आघाडीवरून परत येतात ऐंशी. उरलेल्यांना दुप्पट जेवण मिळते, दुप्पट तंबाखू मिळते. ते खूश आहेत, आणि आपण खूश आहोत याची त्यांना लाज वाटायलाही वेळ नाही. मरणाऱ्या मित्राचे चांगले बूट कुणाला मिळणार, याची चर्चा त्याच्या खाटेशेजारी होते. ती करणारा निर्दय नाही. त्याला उद्या त्या बुटांची गरज आहे, एवढेच. पुढे नायक सुट्टीवर गावी येतो तेव्हा गावातली प्रतिष्ठित मंडळी त्यालाच युद्ध कसे जिंकावे हे समजावून सांगतात. ज्याने युद्ध पाहिले तो गप्प आणि ज्यांनी पाहिले नाही ते बोलत आहेत, असा हा प्रसंग. आपल्याकडे सुट्टीवर आलेला जवान एस. टी. स्टँडवर उतरला की चहाच्या टपरीवर त्याला काय काय ऐकावे लागते, हे ज्याने पाहिले असेल त्याला हे पान जर्मन वाटणार नाही.

या कादंबरीने सैनिकाचा अपमान केला, मनोधैर्य खचवले, असा आरोप झाला. १९३३ साली नाझींनी ती जाहीरपणे जाळली. पण रेमार्कने शिपायाला भित्रा दाखवलेले नाही. त्याने त्याला माणूस दाखवले. भूक लागणारा, उवा मारणारा, आईची आठवण काढणारा, आणि तरीही जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन चालणारा माणूस.

आपल्या शेजारच्या भाषा

ही सारी युरोपची उदाहरणे झाली, आपल्याकडे कुठे असले युद्ध, असे कुणी म्हणेल. पण त्याच खंदकांत आपली माणसे होती. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजेची पहिली जहाजे मार्सेय बंदराला लागली आणि ऑक्टोबर सरण्याआधीच पंजाबी, गढवाली, पठाण, गुरखे बेल्जियम-फ्रान्सच्या चिखलात उभे होते. त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परतली नाहीत.

युद्ध सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, जून १९१५ च्या ‘सरस्वती’ मासिकात चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा छापून आली. गुलेरी संस्कृतचे पंडित, आघाडीवर कधी गेलेले नाहीत. तरी त्यांची कथा फ्रान्सच्या खंदकात शिरली. लहनासिंह हा जमादार तिचा नायक. गुडघाभर गारठ्यात तो आपली घोंगडी आणि गरम कपडे सुभेदाराच्या आजारी मुलाला घालतो आणि स्वतः कुडकुडत पहारा देतो. का? तर पंचवीस वर्षांपूर्वी अमृतसरच्या बाजारात भेटलेल्या एका मुलीने, जी आता सुभेदारीण आहे, नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ असे त्याला सांगितलेले असते. शत्रूचा डाव ओळखून तो तुकडी वाचवतो. आपली जखम लपवतो. पुढे वर्तमानपत्रात मृतांच्या यादीत एक ओळ येते. गुलेरींनी कथा त्या कोरड्या ओळीवर संपवली. यादीतले प्रत्येक नाव म्हणजे एक अख्खे आयुष्य असते, हे सांगायला त्यांना भाषण करावे लागले नाही.

मुल्कराज आनंद यांनी इंग्रजीत लिहिलेली ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही १९४० सालची कादंबरी. तिचा नायक लालू हा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा. घरची जमीन हातची गेलेली. पलटणीत नाव काढले तर ती परत मिळेल या आशेने तो फ्लँडर्सला पोचतो. शत्रूशी त्याचे काही वैर नाही. त्याचे सारे भांडण गावच्या सावकाराशी आहे, आणि बंदूक मात्र भलत्याच माणसावर रोखलेली आहे. कर्जाच्या पायी वर्दी चढवणारा हा लालू वऱ्हाडी वाचकाला परका वाटेल काय?

बंगालीत शिशिर सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ आहे. ती कादंबरी नव्हे, आठवणी आहेत. सर्वाधिकारी हे बंगाली रुग्णसेवा पथकातले तरुण स्वयंसेवक, १९१६ साली तुर्कांचे कैदी झाले. आपली रोजनिशी वाचवण्यासाठी त्यांनी तिची पाने बुटात लपवली. त्यावरून चाळीस वर्षांनी पुस्तक झाले. ते ज्या वेढ्यात सापडले, त्या वेढ्यात मराठी माणूस शेकड्यांनी होता. इथून पुढची गोष्ट आपली आहे.

कूटचे १४७ दिवस

आजच्या इराकमध्ये, तैग्रीस नदीच्या वळणात, कूट नावाचे गाव आहे. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी, म्हणजे ‘पुणे’ डिव्हिजन बगदादच्या वाटेवरून माघार घेऊन १९१५ च्या डिसेंबरात तिथे अडकली. तुर्कांनी वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतले जवान प्रामुख्याने सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे. वेढा १४७ दिवस चालला. नदीला पूर आला आणि खंदक पाण्याने भरले. दाणागोटा रोज कमी होत गेला. सुटकेसाठी निघालेल्या फौजांनी तेवीस हजारांच्या आसपास माणसे गमावली आणि तरी त्या पोचल्या नाहीत. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. युद्धाच्या इतिहासातला तो तसला पहिला प्रयोग, आणि तोही पुरला नाही.

गोऱ्या शिपायांनी घोड्यांचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे नकार दिला. धर्म आड येत होताच, पण त्याहून मोठी धास्ती गावाची होती. गावाकडे कळले तर जातीबाहेर टाकतील, पोरींची लग्ने जमणार नाहीत. अखेर हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. तोवर अनेकांना स्कर्व्हीने घेरले होते. समोर तुर्कांच्या बंदुका, पोटात आग, आणि मनात शेकडो कोस दूर असलेल्या गावच्या पारावरची माणसे! याहून अस्सल मराठी कादंबरीचा विषय कोणता असू शकतो? २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले. तेरा हजारांहून अधिक माणसे कैद झाली. त्यांतली कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेली.

फ्रान्समध्येही मराठी माणूस होताच. खडकीच्या सॅपर्स अँड माय

नर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेल गावावरच्या हल्ल्यात होत्या. त्यांचे खरे काम खंदक खणण्याचे आणि पूल बांधण्याचे. त्या दिवशी त्यांना पायदळासारखे पुढे घालण्यात आले आणि त्यांचे भयंकर नुकसान झाले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद लागले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. त्यांचे स्मारक गावात उभे आहे. दगड आहे, पण त्यांचे जगणे सांगणारी कादंबरी नाही.

आपल्याकडे का लिहिले गेले नाही?

याची कारणे शोधायला फार खोल जावे लागत नाही. ज्यांच्या घरी दौत-टाक होता त्यांच्या घरचा मुलगा साधा शिपाई म्हणून पलटणीत जात नसे, आणि जो जाई त्याच्या घरी पत्र वाचायलाही दुसऱ्याकडे जावे लागे. शिपायाचे पत्र बहुधा दुसऱ्याच्या हातून लिहिले जाई, सेन्सॉरच्या डोळ्याखालून जाई आणि गावात तिसऱ्याच कुणाच्या तोंडून वाचले जाई. एवढ्या गाळण्यांतून त्याच्या मनातले काय शिल्लक राहणार? जे राहिले ते बायकांनी सांभाळले. जात्यावरच्या ओव्यांत पलटणीत गेलेला भाऊ आणि लेक भेटतात. कादंबरीने त्यांची विचारपूस केली नाही.

ज्या समाजात शिपाईगिरीबरोबर अक्षरओळखही आली, त्याची वाट मध्येच बंद झाली. पलटणीतल्या शाळांमुळे महार कुटुंबांत लिहिणे-वाचणे आले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे त्याचे ठळक उदाहरण. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ ठरवल्या आणि महारांची भरती थांबवली. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडून टाकली. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. सैनिक म्हणून जगण्याचा अनुभव आणि तो लिहिण्याची ऐपत एकाच घरात नांदायला हवी, तेव्हा कुठे असे साहित्य होते. आपल्याकडे ती गाठ वेळेवर पडली नाही.

तिसरे कारण आपल्या आवडीचे आहे. गुलामीच्या काळात मराठी वाचकाला शिवकालाची आणि पेशवाईची कादंबरी हवी होती. हरिभाऊ आपटे यांच्यापासून ती परंपरा जोमात वाढली, आणि त्या काळात ती योग्यही होती. पराभूत समाजाला पराक्रमाची आठवण लागते. पण स्वराज्य आले, १९६२ चे युद्ध झाले, १९६५ आणि १९७१ ची झाली, सियाचेन आणि कारगिल झाले, तरी आवड फारशी बदलली नाही.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कॅप्टन गो. गं. लिमये हे डॉक्टर म्हणून पहिल्या महायुद्धात गेले आणि त्यांनी ‘सैन्यातील आठवणी’ लिहिल्या. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावर ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ लिहिली. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’मध्ये, १९८८ साली, छावणीतली उपासमार मराठी वाचकाने जवळून पाहिली. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ साली पवाडा रचला तो स्टालिनग्राडवर. वाटेगावच्या या माणसाला राजाऐवजी कामगार-शिपाई पवाड्याचा नायक व्हावा असे वाटले, ही मोठी घटना होती. आणि अमरावतीला जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी १९३९ साली जी कादंबरी लिहिली तिचे नावच ‘रणांगण’. मात्र तिच्यात खंदक नाही. युरोपातून निघालेले एक जहाज, त्यावरचे परागंदा ज्यू, आणि चक्रधर-हर्टाचे होरपळलेले प्रेम. युद्ध सुरू होण्याआधीच त्याने माणसांचे काय केले, हे बेडेकरांनी दाखवले. युद्धाच्या छायेवरची इतकी उत्तम कादंबरी ज्या भाषेत आहे, त्या भाषेत युद्धात प्रत्यक्ष उभा असलेला शिपाई अजून बाहेरच ताटकळत आहे.

काळ्या मातीतला अनुभव

वऱ्हाड हा पलटणीच्या भरतीचा मुख्य मुलूख कधी नव्हता. म्हणून आपला या विषयाशी संबंध नाही, असे मात्र नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावपाशी वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्या लढाईच्या आरंभी एक गोष्ट घडली. दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत शौर्य गाजवलेल्या वेलस्लीच्या देशी शिपायांच्या तीन बटालियन तोफांचा मारा सुरू होताच मागे फिरल्या. त्याने स्वतः जाऊन त्यांना सावरले आणि पुन्हा उभे केले. त्याच्या पत्रव्यवहारात याची नोंद आहे. असईत न डगमगलेली माणसे अडगावात का डगमगली? सेनापतीला ती दोन ओळींची अडचण वाटली. कथाकाराला तिथे कथा सापडायला हवी होती. आणि समोरच्या भोसल्यांच्या बाजूला कापले गेलेले लोक तर दोन ओळींतही नाहीत.

दूरच्या लढायाही आपल्या दाराशी आल्या आहेत. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. तिकडच्या शिपायाच्या मरणाने इकडच्या पऱ्हाटीला सोने लागले. १९१८ साली उलटे झाले. युद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ बोटींबरोबर मुंबईला उतरली आणि आगगाडीने आत पसरली. मध्यप्रांत-वऱ्हाड हा तीत सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. ज्यांनी खंदक पाहिला नाही, त्यांच्या घरी खंदकातले मरण चालत आले.

आणि चिखल? फ्लँडर्सचा चिखल इंग्रजी-फ्रेंच लेखकांनी पानेच्या पाने भरून वर्णन केला आहे. पातूर-बाळापूरच्या काळ्या जमिनीत श्रावणात निंदायला उतरलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पायाला गोळा धरणारी माती, एकेक पाऊल उपसून टाकताना भरून येणाऱ्या पोटऱ्या, भिजलेल्या बोटांना पडणाऱ्या चिखल्या, हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. आभाळाकडे पाहत बसणे काय असते तेही त्याला कळते. शिपाई तोफगोळ्यासाठी पाहतो, हा पावसासाठी.

म्हणूनच हे लेखन वऱ्हाडातून व्हावे, असे म्हणण्यात अवाजवी काही नाही. उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये कौतिक नावाच्या एका साध्या बाईची झुंज लिहिली. तिच्या हाती शस्त्र नव्हते आणि तिला कुणी पदक देणार नव्हते. सदानंद देशमुखांनी ‘बारोमास’मध्ये शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाची घुसमट मांडली. खुर्द्याचा हिशेब कसा लिहायचा, हे या मातीला चांगले येते. गावातली गरिबी लिहिणाऱ्या याच लेखणीने त्या गावातून वर्दीत गेलेल्या पोराच्या मागे आणखी थोडे चालत जायला हवे, इतकेच. दलित लेखकांनी तर भूक आणि अपमान हे अलंकाराशिवाय कसे लिहावेत याचा धडाच घालून दिला आहे. खंदकाच्या कादंबरीला दुसरी भाषा लागत नाही.

मनोधैर्याची भीती

असले लिहिले तर मुले भरतीला जाणार नाहीत, सैन्याचा अवमान होईल, अशी शंका घेणारे आहेत. ही शंका प्रामाणिक आहे, पण ती शिपायावर अविश्वास दाखवणारी आहे. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघे बावीस-तेवीस. तुकडीतले बहुतेक सारे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, हे मानपत्रात लिहिलेले आहे. मानपत्र त्या काही मिनिटांचे असते. त्याआधीचे महिने, इटलीतला पाऊस, माणगावकडच्या घराची आठवण, मेलेल्या सोबत्यांची नावे, हे मानपत्रात मावत नाही. ते लिहिले तर शौर्य कमी होत नाही. उलट ते कुणी दाखवले, कशाची किंमत मोजून दाखवले, हे कळते. देवाने पराक्रम केला तर त्यात नवल कसले? माणसाने केला, हेच नवल.

आणि याची खरी गरज परत आलेल्याला आहे. पेन्शनीत आलेला हवालदार गावात बसला की आपण त्याला २६ जानेवारीला झेंडावंदनाला बोलावतो, नारळ-शाल देतो आणि पोरे एकच प्रश्न विचारतात, ‘किती मारले?’ तो हसतो आणि विषय बदलतो. त्याला बोलायचे नसते असे नाही. त्याला जे सांगायचे आहे ते ऐकण्याची आपल्याला सवय नाही. ही सवय साहित्य लावते. रेमार्क वाचलेला माणूस तो प्रश्न विचारणार नाही. तो विचारील, जेवण काय मिळायचे? पत्र किती दिवसांनी यायचे? रात्री झोप लागते का?

हे प्रश्न विचारायला मोठ्या लेखकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पातूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेने किंवा सार्वजनिक वाचनालयाने ठरवले, तर आपल्या परिसरातल्या माजी सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवता येतील. १९७१ पाहिलेले आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दर वर्षी ती संख्या घटते आहे. ते गेले की त्यांच्या घरी उरते ती एक काळी लोखंडी पेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. आत मनीऑर्डरच्या पावत्या, एखादे पदक, घडी पडलेली आंतर्देशीय पत्रे आणि तुकडीतल्या सोबत्यांचा एक सामूहिक फोटो असतो. त्या फोटोतली दुसऱ्या रांगेतली माणसे कोण, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

पेशव्यांना पत्र धाडणाऱ्या सावकाराने खुर्द्याची गणती नाही म्हणून टाकले, ते समजण्यासारखे आहे. त्याला घाई होती. आपल्याला कसली घाई आहे?